फवारणी कमी करण्याचे सरकारी धोरण आणि विदर्भातले वावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरिपात शेतीशाळेला बसलो की तेच तेच प्रश्न येतात. योजनांची नावे सगळ्यांच्या कानावरून गेलेली असतात, पण आपल्या वावरात त्यांचे नेमके काय करायचे हे कोणी सांगत नाही. म्हणून ही उत्तरे लिहून काढली. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा या कपाशी-सोयाबीन-तुरीच्या पट्ट्याला समोर ठेवून ती लिहिली आहेत. धानवाल्यांसाठी एक प्रश्न शेवटाकडे आहे.

सरकार खरंच फवारणी कमी करा म्हणते का? मग दुकानात एवढ्या बाटल्या कशा?

म्हणते, आणि १९८५ पासून म्हणते. त्या वर्षी केंद्राने एकात्मिक कीड व्यवस्थापन हे पीक संरक्षणाचे अधिकृत धोरण म्हणून स्वीकारले. आधी मशागत आणि वाणाची निवड, मग सापळे, मित्रकीटक, निंबोळी, आणि यातून भागले नाही तरच रसायन, असा त्याचा क्रम आहे. त्याचे एक केंद्रीय केंद्र नागपुरातही आहे.

अडचण अंमलबजावणीत आहे. कीटकनाशकांचा कायदा १९६८चा आणि नियम १९७१चे. नोंदणी, दर्जा, परवाना, विक्री हे सगळे त्यात आहे. पण एका हंगामात अमुक टक्के वापर कमी झालाच पाहिजे, असे बंधन कुठेच लिहिलेले नाही. २०२० साली राज्यसभेत नवे कीडनाशक व्यवस्थापन विधेयक मांडले गेले, त्यातही असे लक्ष्य नव्हते. म्हणजे वापर कमी करण्याचे सगळे काम सल्ल्यावर सोडले आहे. आता सल्ला देणारा कोण? एका कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात. कृषी सेवा केंद्र मात्र रोज सकाळी उघडते, उधारीही देते. पाने मुरडलेली पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) फांदी घेऊन माणूस जातो तो त्याच काउंटरवर. हा सल्ला काउंटरवरून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येत नाही तोवर धोरण कागदावरच राहणार, असे माझे ठाम मत आहे. पुढची बरीचशी उत्तरे याच दिशेने जातात.

क्रॉपसॅप म्हणजे काय? त्याचा आपल्याला उपयोग काय?

२००८च्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला होता. त्यानंतर २००९-१० पासून राज्याने कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला, तोच हा क्रॉपसॅप. ठरलेल्या वावरांत जाऊन किडी मोजायच्या, आकडे विद्यापीठाकडे पाठवायचे, आणि नुकसानीची पातळी ओलांडली असेल तिथेच फवारणीचा सल्ला द्यायचा, अशी रचना आहे. आपल्याकडे हा सल्ला अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून येतो.

माझ्या मते राज्याने या विषयात केलेले हे सर्वांत शहाणपणाचे काम. पण सल्ला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागत नाही, निरोप तालुक्याच्याच गटात फिरत राहतो. तुमच्या गावाचा सल्ला कोणत्या वारी येतो हे कृषी सहायकाला विचारा आणि फळ्यावर लिहून घ्या. केंद्रानेही १५ ऑगस्ट २०२४ रोजी मोबाइलवर फोटो काढून कीड ओळखणारी राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली आहे. फोनवर विचारायचे असेल तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, तिथे मराठीत बोलता येते.

कपाशीवर पहिली फवारणी कधी करायची?

बहुतेक जण करतात त्यापेक्षा बरीच उशिरा.

बीटीचे, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या कपाशीचे, बियाणे पाकिटातून काढले की हाताला रंग लागतो. त्या बियाण्याला रसशोषक किडींसाठी कीटकनाशक आधीच चोळलेले असते. सुरुवातीचा महिनाभर तरी ते रोपाला सांभाळते. तरीही विसाव्या-पंचविसाव्या दिवशी वावरात पंप फिरतो. चार तुडतुडे दिसले, शेजारच्याने मारले, किंवा खताबरोबर दुकानातून बाटलीही आली, एवढे कारण पुरते.

या घाईचा खरा तोटा खर्चाच्या पलीकडे आहे. जुलैत पऱ्हाटीच्या पानामागे बघा. ढालकिडे, त्यांच्या काळसर काटेरी अळ्या, केसासारख्या बारीक देठावर उभी असलेली क्रायसोपाची पांढरी अंडी. हे मावा आणि तुडतुडे खाणारे आपले मजूर आहेत, बिनपैशाचे. लवकर मारलेल्या जहाल औषधाने आधी तेच संपतात. रसशोषक किडी पंधरा दिवसांत परत येतात, त्यांना खाणारे तेवढ्यात येत नाहीत. मग दुसरी फवारणी, तिसरी, आणि दर वेळी आधीपेक्षा जहाल.

म्हणून आधी मोजा. वावरात तिरपे चालत जाऊन वीसेक झाडे घ्या आणि प्रत्येकाची वरची, मधली, खालची अशी तीन पाने उलटून बघा. पानाला सरासरी दोन-तीन तुडतुडे, किंवा दहा मावा, किंवा दहा फुलकिडे ही पातळी गाठली नसेल तर पंप घरीच राहू द्या. गाठली तरी सुरुवात ५ टक्के निंबोळी अर्काने करा. वाळलेल्या निंबोळीचा ५ किलो भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा. २०० ग्रॅम कपड्याचा साबण १ लिटर पाण्यात वेगळा विरघळवायचा. सकाळी भरडा फडक्यातून गाळून त्यात साबणाचे पाणी घालायचे आणि एकूण १०० लिटर करून त्याच दिवशी फवारायचे. निंबोळ्या मात्र जून-जुलैत झाडाखाली पडतात तेव्हाच वेचून वाळवाव्या लागतात. ऑगस्टमध्ये आठवण झाली तर मिळत नाहीत.

गुलाबी बोंडअळीचे काय? तिला तर मारावेच लागते.

मारावे लागते, पण ती आहे की नाही हे बघून. बीटी आल्यावर काही वर्षे बोंडअळी विसरल्यासारखी झाली होती. पुढे गुलाबी अळीने बीटीतल्या दोन्ही जनुकांना दाद देणे सोडले आणि २०१७ला तिने विदर्भाची कपाशी पोखरली. ही अळी बोंडाच्या आत असते. भोक बुजलेले, वरून बोंड हिरवेगार. म्हणून वरून बघून फवारले तर बहुतेक वेळा एक तर फार लवकर होते किंवा फार उशिरा.

बघायची रीत सोपी आहे. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे एकराला दोन लावा, पिकापेक्षा हातभर उंच, आणि आतली वासाची गोळी, म्हणजे ल्यूर, पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला. सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सलग तीन रात्री आले तर सावध व्हा. फुले लागली की डोमकळ्या शोधा. पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारखे झालेले फूल दिसले की आत अळी असते. ती तोडून नष्ट करायची, वावरात टाकून द्यायची नाही. बोंडे लागली की एकरात वेगवेगळ्या ठिकाणची २० झाडे घ्या आणि प्रत्येकाचे एक हिरवे बोंड तोडा. धुऱ्यावर बसून नखाने किंवा विळ्याने एकेक फोडा. आत पांढुरकी किंवा गुलाबी अळी, नाहीतर सरकी कुरतडल्याचा डाग दिसेल. वीसपैकी दोन बोंडांत हे दिसले तर फवारणीची वेळ झाली. एकात दिसले किंवा एकातही नाही, तर आठ दिवसांनी पुन्हा बघा. याला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यात एका फवारणीचा पैसा वाचू शकतो.

दुसरे काम हंगामाच्या दोन टोकांना आहे. मे महिन्यात पाणी देऊन मान्सूनपूर्व कपाशी लावू नका, पहिल्या पिढीच्या पतंगांना तीच आयती मिळते. आणि फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पुढे राखलेली कपाशी, ठेवू नका. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटली की अळीची साखळी तुटते. पऱ्हाट्यांचा ढीग धुऱ्यावर तसाच पुढच्या जूनपर्यंत राहिला तर मात्र उपटण्याचा काही उपयोग होत नाही.

शेजाऱ्यानं मारलं आणि मी नाही मारलं, तर सगळी कीड माझ्याच वावरात येईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि ही भीती खोटी नाही. पतंग धुरा ओळखत नाही. पण तुमच्या पानावर तुडतुडेच नसतील तर शेजाऱ्याने मारल्याने ते तुमच्याकडे वाढत नाहीत. उलट तुमच्याकडचे मित्रकीटक त्याच्याकडेही जातात. बोंडअळीच्या बाबतीत एकट्याने काही केलेले फारसे पुरत नाही, हेही तितकेच खरे. सापळे, डोमकळ्या तोडणे, पऱ्हाटी उपटणे ही कामे पूर्ण शिवारात एकदम झाली तरच जोर धरतात. झाडाला बांधायच्या कामगंधाच्या दोऱ्या येतात, त्यांच्या वासाने नराला मादी सापडत नाही. हे तंत्रही मोठ्या सलग क्षेत्रावरच चालते. सरकारी योजना गटाला आणि समूहाला पैसे देतात त्यामागे हे कारण आहे.

दुकानदार तीन-चार औषधं एकत्र करून देतो. चालते का?

नाही. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि वरून विद्राव्य खत एकाच पंपात, ही सवय आता मोडायलाच हवी. प्रत्येक उत्पादनाची नोंदणी ठरावीक पिकासाठी, ठरावीक किडीसाठी आणि ठरावीक मात्रेसाठी झालेली असते. चार एकत्र केल्यावर त्याचा पिकावर आणि फवारणाऱ्याच्या अंगावर काय परिणाम होतो हे कोणी तपासलेले नसते. विषबाधा झाली तर डॉक्टरलाही कोणत्या विषावर उपचार करायचे ते कळत नाही.

बाटलीसोबतचे माहितीपत्रक मागून घ्या, ते मराठीतही असते. त्यात आपले पीक आणि आपली कीड लिहिलेली नसेल तर बाटली परत करा. बिल पक्के घ्या, त्यावर लॉट नंबर आणि संपण्याची तारीख हवी. दर्जाबद्दल शंका असेल तर पंचायत समितीतील कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. निरीक्षक नमुना घेतात, आणि कीटकनाशक तपासणीची सरकारी प्रयोगशाळा अमरावतीत आहे. बिल नसेल तर यातले काहीच पुढे सरकत नाही.

सगळे दुकानदार सारखे नसतात हेही सांगायला हवे. परवान्यासाठी आता शिक्षणाची अट आहे, आणि जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेने आखलेला वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो मनापासून केलेले काही जण ‘आज मारू नका, आठ दिवस थांबा’ असे सांगतात. असा दुकानदार गावाला मिळाला असेल तर त्याला धरून राहा.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाचा अर्थ काय?

लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा जहाल, निळा मध्यम, हिरवा त्यामानाने कमी. हिरवाही विषच आहे.

कोणत्या औषधांवर बंदी आहे?

एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. ऑगस्ट २०१८च्या केंद्राच्या आदेशाने १८ कीडनाशके बाद झाली. त्यांतली १२ लगेच, आणि फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन यांसह ६ कीडनाशके ३१ डिसेंबर २०२० पासून. सप्टेंबर २०२३च्या आदेशाने डायकोफॉल, डिनोकॅप, मिथोमिल बंद झाली, आणि मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के उरलेला साठा संपवायला मुदत देऊन बंद केले. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरायला २००५ पासूनच मनाई होती, तरी आपल्याकडे ते वांग्यावर सर्रास पडत होते. यांतले काही अजून कोणी देत असेल तर घेऊ नका, आणि घरात जुनी बाटली असेल तर ‘संपवून टाकू’ म्हणून वापरू नका.

राज्य सरकार स्वतः बंदी का घालत नाही?

कायद्याने तेवढा अधिकारच नाही. १९६८च्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे राज्याला एखादे कीडनाशक ६० दिवस थांबवता येते, फार तर आणखी ३० दिवस. कायमची बंदी केंद्राच्या हातात. यवतमाळच्या २०१७च्या फवारणी-विषबाधेनंतर महाराष्ट्राने हेच कलम वापरले. पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत पाच उत्पादने ६० दिवस बंद केली : प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे मिश्रण, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, ॲसिफेट ७५ टक्के, डायफेन्थ्युरॉन ५० टक्के आणि मोनोक्रोटोफॉस. तो आदेश निघाला नोव्हेंबरमध्ये. मजूर मेले होते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. राज्याला फवारणीच्या मोसमाआधीच, पूर्ण हंगामासाठी, निर्णय घेता यायला हवा. कायदा बदलायचा असेल तर विदर्भाने पहिली मागणी हीच करावी.

यवतमाळला २०१७ मध्ये नेमके काय झाले होते?

त्या पावसाळ्यात जिल्ह्यात फवारणी करताना २० हून अधिक माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाली. अनेकांची नजर अधू झाली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, ओळी दाटल्या होत्या, हवा दमट आणि उकाड्याची. किडीच्या धास्तीने फवारण्या वाढल्या, त्याही मिश्रणाच्या. जास्त दाबाने बारीक तुषार सोडणारे पंप नुकतेच हातात आले होते. छातीएवढ्या पिकात फवारा पायाच्या दिशेने जातो, डोक्यावरच्या पिकात तो तोंडावरच येतो. पाठीवरच्या पंपाचे झाकण गळते, सदरा भिजतो, आणि भिजलेला सदरा दिवसभर अंगावर राहतो. मजुरी पंपावर, म्हणजे किती पंप मारले त्यावर, ठरलेली असली की माणूस मधे थांबत नाही. मेलेल्यांत शेतमजूर बरेच होते, ज्यांनी ना औषध निवडले होते, ना मात्रा ठरवली होती.

राज्याने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. त्यानंतर जनजागृती झाली, संरक्षक किट वाटले गेले, दवाखाने अधिक सावध झाले. फवारणीच्या मोसमात आजही रुग्ण येतात.

संरक्षक किट घातले की पुरेसे आहे?

घाला. पण सप्टेंबरच्या उन्हात प्लास्टिकचा झगा आणि तोंडावर मास्क लावून कोणी तासाच्या वर टिकत नाही, हे योजना आखणाऱ्यांनी एकदा वावरात येऊन बघावे. निदान एवढे पाळता येते : लांब बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, पायात बूट. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, वारा पाठीशी घेऊन. गळका पंप वापरायचा नाही. नोझल तोंडाने फुंकायचे नाही. मधे तंबाखू, बिडी, पाणी घ्यायचे तर आधी हात साबणाने धुवायचे. एका माणसाने रोज सलग फवारायचे नाही, आळीपाळीने करायचे. पीक डोक्याच्या वर गेले असेल तर पाठीवरच्या पंपाने फवारूच नका. किटचा खर्च मालकाचा, मजुराचा नाही.

रिकामे डबे तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग डब्याला भोके पाडा. रॉकेल किंवा पाणी भरायला डबा घरात नेऊ नका.

वेचाईला आणि निंदणाला जाणाऱ्या बायांना धोका असतो का?

असतो, आणि सरकारी पत्रकांत तो जवळजवळ दिसत नाही. फवारणीचे पाणी आणणे, औषध कालवणे हे काम अनेक घरांत बायाच करतात, तेही उघड्या हाताने. फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला त्याच जातात. औषधाने भिजलेले कपडे घरच्या इतर कपड्यांबरोबर त्याच धुतात. लेबलवर फवारणी आणि काढणी यांच्यातले दिवस लिहिलेले असतात. ते दिवस सरल्याशिवाय वेचाईला बोलवू नका. फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावर काठीला लाल फडके बांधायची रीत पाडली तर मजूर बाईला विचारावेही लागणार नाही.

फवारताना त्रास झाला तर काय करायचे?

घाम फार, तोंडाला लाळ, मळमळ, डोके गरगरणे, धूसर दिसणे, स्नायू फडफडणे, श्वास लागणे. यातले काहीही दिसले की काम थांबवा. माणसाला वावराबाहेर मोकळ्या हवेत आणा, कपडे काढा, अंग साबणाने भरपूर धुवा, डोळे स्वच्छ पाण्याने धुवा. १०८ला फोन करा. दूध, लिंबू, मिठाचे पाणी पाजत बसू नका, शुद्ध हरपत असेल तर उलटीही करवू नका. बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्या. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या विषावर ॲट्रोपीन चालते, पण दुसऱ्या गटांच्या अनेक औषधांवर उतारा नसतो, फक्त लक्षणांवर उपचार होतात. म्हणून डॉक्टरला नाव कळणे फार महत्त्वाचे.

दवाखान्यात ‘फवारणी करताना त्रास झाला’ असे स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर तसे लिहिले आहे का ते वाचा. नुसते ‘विष’ लिहिले तर ते विष पिऊन घेतल्यासारखे धरले जाते, आणि पुढे मदतीचा अर्ज तिथेच अडकतो.

मृत्यू झाला तर सरकारी मदत मिळते का?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपये मिळतात, आणि कीडनाशके हाताळताना झालेली विषबाधा त्यात अपघात धरली जाते. वय १० ते ७५. सातबारावरचा खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला खातेदार नसलेला एक जण यात येतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, घटनेपासून ३० दिवसांत. सोबत सातबारा, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वारसाचे कागद.

भूमिहीन मजूर यात येत नाही. मक्त्याने (भाड्याने) वावर करणाराही येत नाही. जो सगळ्यात जास्त फवारतो तोच योजनेबाहेर राहतो. १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या अनुसूचीत शेतात कीडनाशक फवारणारा मजूर धरला गेला होता, पण तिथे भरपाईची जबाबदारी मालकावर येते. पाच एकर कोरडवाहूचा मालक लाखोंची भरपाई कुठून देणार? सानुग्रह योजनेत फवारणी मजुराचा समावेश होत नाही तोवर या धोरणात माणुसकीची मोठी उणीव आहे.

नैसर्गिक शेतीला काय मिळते?

तीन गोष्टी लक्षात ठेवा. केंद्राचे राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झाले. २,४८१ कोटींचे, १५ हजार समूह, ७.५ लाख हेक्टर, १ कोटी शेतकरी. त्यात एकरी वर्षाला ४ हजार रुपये दोन वर्षे, गावागावांत कृषी सखी, आणि जीवामृत (शेण-गोमूत्राचे द्रावण) आणि दशपर्णी (झाडपाल्याचा अर्क) तयार मिळावे म्हणून जैविक निविष्ठा केंद्रे. दुसरी, परंपरागत कृषी विकास योजना. तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये, त्यांतले १५ हजार थेट शेतकऱ्याच्या खात्यात, सोबत गटाचे प्रमाणीकरण. तिसरे आपल्याच मातीतले, डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशन, मुख्यालय अकोल्यात. २०१८ला ते विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी सुरू झाले आणि नंतर राज्यभर नेले. सगळ्यांसाठी पहिली चौकशी आत्माच्या (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या) तालुका कार्यालयात करा.

पाच एकर असतील तर पाचही एकर एका वर्षात वळवू नका. एका एकरापासून सुरुवात करा, त्यातही तूर किंवा हरभऱ्यापासून. कपाशी सगळ्यात शेवटी. आणि गाय-बैल नसलेल्या घराने जीवामृताच्या भरवशावर उडी घेऊ नये. गोठे रिकामे होत चाललेत, याचा विचार अभियानात पुरेसा झालेला दिसत नाही.

‘जैविक’ लिहिलेली बाटली सुरक्षित समजायची का?

नोंदणी क्रमांक असेल तरच. जैविक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत रसायन मिसळलेले सापडते. एका रात्रीत किडी पटापटा गळून पडल्या तर संशय घ्या, बुरशीवर किंवा विषाणूवर आधारलेले खरे जैविक औषध इतके झटपट चालत नाही. ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया, अळीचा विषाणू, कडुनिंबाची उत्पादने अशा १२ जैविक कीडनाशकांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आणला आहे. बिलावर दर तपासा.

सगळ्याच रसायनांवर एकदम बंदी घातली तर?

श्रीलंकेने २०२१च्या एप्रिल-मेमध्ये रासायनिक खते आणि कीडनाशकांची आयात एकाएकी थांबवली. भाताचे उत्पादन घसरले, शेतकरी रस्त्यावर आले आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. सिक्कीमने २००३ला ठरवले आणि पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर व्हायला २०१६ उजाडले, तेही मुळातच रसायन कमी वापरणाऱ्या डोंगरी राज्यात. आपल्या कापूस पट्ट्यात अतिजहाल विषे आजच जावीत, बाकीचे टप्प्याटप्प्याने.

चोर बीटी लावली तर निंदण वाचते. मग हरकत काय?

तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटीला देशात मंजुरी नाही. विकणे-लावणे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि बियाणे फसले तर दाद मागायला बिलच नसते. त्यावर मारायचे तणनाशक ग्लायफोसेट ऑक्टोबर २०२२च्या केंद्रीय अधिसूचनेने फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांमार्फत वापरायला मुभा आहे. निंदणाला मजूर मिळत नाही हे दुखणे खरे आहे. त्यावर सरकारने डवरणीची छोटी यंत्रे गटांना द्यावीत.

ड्रोनने फवारले तर?

पाठीवरचा पंप उतरतो, म्हणून मजुराच्या दृष्टीने चांगलेच. बचत गटांना ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत अनुदान आहे. पण ड्रोन एकराला साधारण १० लिटर पाण्यातच फवारतो, त्यामुळे औषध दाट असते. वाऱ्यात उडवला तर शेजारच्या वावरात, विहिरीवर, माणसांवर जाते. आणि फवारायचे की नाही हा प्रश्न ड्रोन सोडवत नाही.

आम्ही भंडारा-गोंदियाकडचे. धानाला काय?

तुडतुड्यांसाठी वरवर फवारू नका, ते चुडाच्या (धानाच्या बेटाच्या) बुंध्याशी असतात. रोवणी करताना दर दहा ओळींनंतर फूटभर पट्टा सोडा, युरिया हप्त्याने द्या, बांधीतले (धानाच्या वाफ्यातले) पाणी मधे मधे काढा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची औषधे धानावर टाळा, त्यांनी तुडतुडे खाणारे कोळी मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात.

ग्रामसभेत काय मागता येईल?

१ मेच्या ग्रामसभेत ठराव घ्या. क्रॉपसॅपचा साप्ताहिक सल्ला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. गावातल्या फवारणी करणाऱ्या मजुरांची नावांची यादी, आणि मोसमाआधी व मोसमात एकेकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी. मजुरी पंपावर न ठरवता रोजीवर. सापळे आणि ल्यूर पूर्ण शिवारासाठी एकगठ्ठा. विषबाधेची प्रत्येक घटना तालुक्याला कळवण्याची जबाबदारी एका माणसावर. कायद्याच्या कलम २६ने राज्याला अशी नोंद बंधनकारक करता येते, तेव्हा ठरावात तेही मागा. १ मेची सभा हुकली तर १५ ऑगस्टची आहे, पण तोवर पात्या-फुले लागलेली असतात, म्हणून सापळ्यांचे तेवढे जुलैतच बघा.